शाळाप्रवेशाच्या अर्जातील 'धर्म' या रकान्यात नास्तिक पालकांनी काय लिहावे?

आपण दोघेही नास्तिक असल्याने मुलीच्या प्रवेश अर्जातील धर्माचा रकाना रिकामा ठेवता येईल का, आणि तसे केल्यास लोक तिला वेगळे पाडतील का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचे मी अनुभवावरून देतो.

आपला कोणताही धर्म नाही अशी नोंद राजपत्रात व्हावी, हा काही नागरिकांचा अर्ज शासकीय मुद्रणालयाने फेटाळला होता. त्यावरील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असे म्हणण्याचे स्वातंत्र्यही येते आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन कोणावरही करू शकत नाही. म्हणून रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा 'कोणताही नाही' असे सरळ लिहावे. रिकामी जागा दुसरेच कोणी आपल्या समजुतीने भरून टाकते. मी तसे लिहिले तेव्हा लिपिकाने मान वर न करता विचारले, "बरं, पण मग हिंदूच ना?" संगणकात तसा पर्यायच नव्हता, त्यामुळे शेवटी 'इतर' यावर तडजोड झाली.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आपण अनुसूचित जातीच्या असाल, तर घाई करू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात व त्याच्या पुढील दुरुस्त्यांत ही मान्यता हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरतीच ठेवलेली आहे, आणि जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरील प्रत्येक शब्द तपासला जातो. तेव्हा आधी जाणकार वकिलाला विचारावे. तत्त्वासाठी मुलीची शिष्यवृत्ती पणाला लावा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

आता लोकांविषयी. याच महाराष्ट्रात आगरकरांना आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली होती. आज आपल्या वाट्याला बहुधा "मग तुम्ही दिवाळी करत नाही का?" एवढाच प्रश्न येईल. (करतो. चकली नास्तिकालाही आवडते.) शेजारच्या सत्यनारायणाला मी जातो, प्रसाद घेतो, पण स्वतः पूजेला बसत नाही, आणि वीस वर्षांत या वागण्याची कोणाला अडचण झाल्याचे मला तरी आठवत नाही.

खरी अडचण शाळेतील प्रार्थनेची होती. अनुच्छेद २८ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेस हजर राहायला लावता येत नाही. पालकसभेत हा मुद्दा मी प्रथम नास्तिकांचा हक्क म्हणून मांडला आणि सभेने तो हसण्यावारी नेला. पुढच्या सभेत मी एवढेच म्हटले की, कोणत्याही मुलाकडून दुसऱ्याच्या देवाची प्रार्थना सक्तीने म्हणवून घेऊ नये, तेव्हा एका मुस्लिम वडिलांनी आणि एका ख्रिस्ती आईने लगेच निवेदनावर सही केली, आणि ज्यांचा विरोध मी गृहीत धरला होता ते माळकरी आजोबाही "भक्ती काय हजेरी घेऊन होते का?" असे म्हणत पुढे आले. धर्मनिरपेक्षता म्हणजे नास्तिकांना दिलेली सवलत, असे जोवर आपणच भासवतो, तोवर श्रद्धाळू माणूस तिच्यापासून दूर राहतो. तिचे संरक्षण त्यालाही तितकेच आहे, हे त्याच्याच उदाहरणाने दाखवावे लागते.

मुलीला वाद घालायला शिकवू नका. "आमच्या घरी देव नाही" एवढे शांतपणे सांगता आले तरी पुरे. तिचे मत पुढे वेगळे झाले, तर अनुच्छेद २५ तिलाही लागू आहे. माझा मुलगा सहावीत असताना सोसायटीच्या गणपतीपुढे दहाही दिवस झांजा वाजवत होता, आणि त्या झांजा मीच त्याला आणून दिल्या होत्या.