सर्व्हर आमचा, कोड दुसऱ्याचा, मग ग्राहकाला काय द्यायचं?

प्रश्न : सर, नाशिकला आम्ही तिघं मित्र छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब-साठा सांभाळणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर घेऊन त्यात द्राक्ष एक्सपोर्टच्या पॅकहाऊससाठी बरेच बदल केलेत, सगळं आमच्या सर्व्हरवर चालतं, ग्राहक ब्राउझरमधून लॉगिन करतात आणि महिन्याचं भाडं देतात. आता एक ग्राहक म्हणतोय, ओपन सोर्स आहे ना, मग कोड द्या. द्यावाच लागेल का? पॅकिंग लिस्टचे पीडीएफ जोडायला पायम्यूपीडीएफ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) पण वापरलीय, म्हणून सांगितलं.

उत्तर : बरं झालं ते शेवटचं वाक्य लिहिलंत, कारण उत्तर त्याच्यावरच फिरतं.

आधी ईआरपीनेक्स्टचं बघू. हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, लायसन (वापराचा परवाना) जीपीएल ३, म्हणजे २००७ सालचं. कॉपी दुसऱ्याच्या हातात गेली की कोड द्यायचा, असा त्याचा हिशोब आहे, आणि नेटवर्कवरून नुसतं वापरायला देणं म्हणजे कॉपी देणं नव्हे हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे सर्व्हरवरचा पायथन कोड तुमच्याकडेच राहिला तर तो द्यायची सक्ती नाही. पण ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट जाते ती कॉपीच असते, तुम्ही त्या फाइलींमध्ये बदल केले असोत वा नसोत, त्यांचा मूळ, वाचता येण्यासारखा कोड मिळायला हवा, नुसती दाबून एका ओळीत केलेली फाइल चालत नाही. आणि उद्या एखादा ग्राहक म्हणाला, आमच्या ऑफिसातल्या मशीनवर बसवून द्या, तर तिथे पूर्ण कॉपी गेली, मग पूर्ण कोड द्यायचा.

आता पायम्यूपीडीएफ. ते एजीपीएल ३ या जीपीएलच्याच कडक भावंडाखाली मिळतं, नाहीतर पैसे भरून कमर्शियल लायसन घ्यावं लागतं. एजीपीएल बनलंच मुळी होस्टिंगची ही पळवाट बंद करायला. त्याचं १३वं कलम सांगतं की बदललेला प्रोग्राम जे कोणी नेटवर्कवरून वापरतात त्या सगळ्यांना त्याचा कोड फुकट मिळवायची सोय ठळकपणे द्या. आम्ही लायब्ररीला हातही लावला नाही असं तुम्ही म्हणाल, पण ती तुमच्या कोडमध्ये इंपोर्ट करून एकत्र प्रोग्राम बनवलाय ना, आणि जीपीएल ३ मध्येच लिहिलंय की एजीपीएलशी जोड झाली की नेटवर्कवाली अट त्या अख्ख्या जोडीला लागते. म्हणून माझ्या मते तुमच्या ग्राहकाची मागणी रास्त आहे, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पॅकहाऊसमधल्या डेटा एंट्रीवाल्यालाही, तो हक्क आहे. पासवर्ड, सर्व्हरच्या चाव्या, दुसऱ्या ग्राहकांचा डेटा हे त्यात येत नाही, तेवढी भीती काढून टाका.

करायचं कसं? सगळ्या स्क्रीनच्या फूटरला, म्हणजे तळाशी, ‘सोर्स कोड’ अशी लिंक द्या. एक चूक मी वारंवार बघतो : लिंक असते, पण ती मूळ प्रोजेक्टच्या पानावर जाते, आणि कंपनीचे स्वतःचे बदल कुठेच नसतात. सर्व्हरवर आत्ता जे व्हर्जन चालतंय त्याचाच कोड त्या लिंकवर पाहिजे, म्हणून डिप्लॉय करताना (व्हर्जन सर्व्हरवर चढवताना) कोडच्या त्याच कमिटला (जतन केलेल्या अवस्थेला) टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा आणि फूटरमधली लिंक आपोआप त्या टॅगवर जाईल अशी स्क्रिप्टच लिहून टाका, हाताने केलं तर दुसऱ्याच आठवड्यात राहून जातं.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या सोशल मीडियाची चाचणी साइट मॅस्टोडॉन या खुल्या सोशल नेटवर्क सॉफ्टवेअरवर उभी असल्याचं उघड झालं, मॅस्टोडॉन एजीपीएलखाली आहे, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या ओपन सोर्सची बाजू मांडणाऱ्या संस्थेने लायसनमधल्या ३० दिवसांच्या मुदतीची जाहीर आठवण दिली आणि नोव्हेंबरात ट्रुथ सोशलला कोड जाहीर ठेवावा लागला. ही मुदत तुमच्याही कामाची आहे : सॉफ्टवेअरच्या लेखकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत चूक सुधारली तर लायसन मोडल्याने गेलेले वापराचे हक्क परत मिळतात.

कोड उघडा करायचाच नसेल तर पायम्यूपीडीएफ काढा. पीडीएफ जोडण्याएवढंच काम असेल तर पायपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीने होतं, तिचं लायसन बीएसडी आहे, त्यात कोड द्यायची सक्ती नाही, कॉपीराइटची ओळ आणि लायसनचा मजकूर जपला की झालं. पण आज लायब्ररी काढली म्हणून आत्तापर्यंत चालवलेल्या व्हर्जनची जबाबदारी पुसली जात नाही, म्हणून ज्या ग्राहकाने विचारलंय त्याला त्या व्हर्जनचा कोड याच आठवड्यात द्या.