‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ एवढ्यावर सुटका होईल का?

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. शाळेच्या व्हॅनचा चालक रडणाऱ्या मुलीला हाताला धरून ओढत गाडीत बसवतोय. मी तो आणखी तीन ग्रुपवर टाकला. वर ‘हाच तो नराधम, मुलं पळवतो, सोडू नका’ असं लिहून गाडीचा नंबर दिला. व्हॅनच्या दारावर त्याचा मोबाइल नंबरही रंगवलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी कळलं, ती त्याचीच मुलगी. पालकांनी व्हॅन सोडली म्हणून त्याने दहा लाखांची आणि जाहीर माफीची नोटीस पाठवली आहे, सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन असलेल्या माझ्या साडूलाही. शेकडो जणांनी फॉरवर्ड केलं, मग मीच का? चॅट डिलीट करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डिलीट काहीही करू नका, फोनही बदलू नका. ज्यांना तुम्ही पाठवलं त्यांच्याकडे ते आहेच. तुमच्याकडचं पुसलंत तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप तेवढा वाढेल. आधी स्क्रीनशॉट काढून वकिलाकडे द्या.

‘मीच का’ याचं उत्तर तुमच्याच ओळीत आहे. बाकीच्यांनी व्हिडिओ ढकलला. तुम्ही आरोपी ठरवला, शिक्षाही सुचवली. तशी नुसत्या फॉरवर्डलाही माफी नाही. अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांविषयीची पोस्ट ‘न वाचता पुढे पाठवली’ असं सांगून पाहिलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

‘मला खरंच वाटलं होतं’ असं तुम्ही म्हणाल. कायद्यात सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी घेतली होती का, हे बघतात. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय : गाडीचा नंबर वाचता आला, मग दारावरचा मोबाइल नंबर का नाही लावला? याला तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून लढण्यापेक्षा मिटवण्याकडे कल ठेवा.

दहा लाखांच्या आकड्याने घाबरू नका. नोटिशीत कितीही लिहिता येतं. दिवाणी दाव्यात नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि तो दावा वर्षभरात आणावा लागतो. फौजदारी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते : दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आहे, तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे होते, आणि नव्या प्रक्रिया कायद्यानुसार दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

मला जास्त काळजी ‘मुलं पळवतो, सोडू नका’ या शब्दांची आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. आधी मोबाइलवर अशाच अफवा फिरत होत्या. तेव्हापासून असा मजकूर कुणी हलक्यात घेत नाही. अफवेसाठीचं कलम ३५३ लावायचा प्रयत्न झाला, तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

नोटिशीतली मुदत संपायच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. त्याच तीन ग्रुपवर माफी टाका. मसुदा मात्र वकिलाकडून तपासून घ्या, कारण तो उद्या कोर्टातही वाचला जाईल. माफीत व्हिडिओ पुन्हा जोडू नका. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ छापाची भाषा नको. ‘ती त्यांची मुलगी होती, मी लिहिलेलं खोटं होतं, व्हॅनबद्दल कोणतीही तक्रार नाही’ इतकं स्वच्छ लिहा. त्या माणसाला हवी आहेत ती मुलं परत व्हॅनमध्ये. किती मुलं सुटली, महिन्याचं भाडं किती, याचा हिशेब मागवून बुडालेली रक्कम देऊ करा. बदनामीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो.

साडूचं प्रकरण वेगळं आहे. नुसता ॲडमिन असल्याने सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. संगनमत दाखवावं लागतं. शिवाय तुम्ही लिहिलंत ते त्याच्या ग्रुपवर नाहीच. त्याचा वकील वेगळा असू द्या, आणि तोवर या विषयावर आपसात व्हॉट्सॲपवर काही लिहू नका.