मुदतीआधी कळा सुरू झाल्या, तर गर्भजलातला जंतुसंसर्ग कसा ओळखतात?

हा संसर्ग बहुतेकदा गुपचूप असतो: आईला ताप नाही, पोट दाबल्यावर दुखत नाही, पण ३७ आठवड्यांआधीच कळा. संशय आलाच तर सोनोग्राफीत बघत, पोटातून बारीक सुईने थोडं गर्भजल काढून तपासतात.

जंतू आणि पांढऱ्या पेशी साखर वापरतात, म्हणून ग्लुकोज डेसिलिटरला साधारण १४-१५ मिलीग्रॅमच्या खाली गेलं की संशय वाढतो. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला ५० च्या वर, हीसुद्धा खूण. माझ्या मते सगळ्यात बोलका घटक इंटरल्यूकिन-६, म्हणजे दाह झाला की शरीरात वाढणारं एक प्रथिन. मिलिलिटरला २.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त म्हणजे आत दाह आहे. मात्र दाह आहे म्हणून जंतू असतीलच असं नाही.

ग्रॅम स्टेन, म्हणजे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघणं, झटपट होतो, पण युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा या जंतूंना रंग धरणारी बाहेरची भिंत, म्हणजे पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ते त्यात दिसत नाहीत. आणि गर्भजलात वारंवार सापडतात ते नेमके हेच! कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघताना, त्यांना वाढायला खास माध्यम आणि काही दिवस लागतात. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचं उत्तर लवकर मिळतं. म्हणून एकाच आकड्यावरून घाबरू नका, सगळे रिपोर्ट एकत्र वाचायला सांगा. पाणी जातंय किंवा ताप आहे, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.