बोटावर ९७, तरी डोक्याला वायरी?

प्रश्न: माझा चुलतभाऊ विहिरीतला गाळ काढाले उतरला न् खालीच बेसुद्ध पडला. वर काढला, दवाखान्यात बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९७ आला, तरी यवतमाळला नेऊन डोक्याला वायरी कायले लावल्या?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, बोटाचं ऑक्सिमीटर लाल अन् इन्फ्रारेड प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजतं, तोही आत्ताचा, खाली विहिरीत मेंदूवर काय बेतलं ते त्याला काय ठाऊक! मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के, अन् साठा जवळपास नाहीच. त्या वायरी म्हणजे ईईजी, मेंदूच्या पेशींची वीज टिपते, ती इतकी बारीक की केसांत पेस्ट लावून वायरी चिकटवाव्या लागतात. ऑक्सिजन घटला की लाटा संथ होत जातात, रक्तपुरवठाच थांबला तर अर्ध्या मिनिटाच्या आत रेघ सपाट. बाहेरून न दिसणारे झटके चालू असले तर तेही ईईजीतच कळतात. कपाळाला पट्टी लावून मेंदूतला ऑक्सिजन मोजायची मशीनपण असते, पण ती मोठ्या ऑपरेशनच्या वेळी, सगळीकडं नाही मिळत.

आणि हो, विहिरीत डिझेल इंजिन चालू होतं का? असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, कारण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात भिनला तरी बोटाची मशीन फसते न् आकडा चांगलाच दाखवते.