बूस्ट्रोफेडनला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला होता की एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे, अशा लिखाणाला इंग्रजी पुस्तकांत बूस्ट्रोफेडन म्हणतात, त्याला मराठीत 'गोमूत्रिका लिपी' म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. दोन्ही शब्दांत बैल आहे म्हणून ते एक वाटतात, पण दोन बैल वेगवेगळी कामं करतायत.

आधी ग्रीक शब्द बघू. बूस म्हणजे बैल, स्ट्रोफे म्हणजे वळणं, आणि शेवटचं -दोन म्हणजे 'तशा रीतीनं', म्हणजे मुळात हे नाम नाहीच, क्रियाविशेषण आहे, नांगराचे बैल वळतात तसं लिहिणं. कोळपणी बघितली असेल त्याला अजून काही सांगायला नको, कोळपं एका ओळीनं जातं, बांधाशी आलं की बैल वळवायचे आणि शेजारच्या ओळीनं परत, रिकाम्या हातानं पहिल्या टोकाला कुणी चालत येत नाही. आपण वाचताना मात्र नजर दर ओळीला तशीच रिकामी मागं आणतो! इ.स.च्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस ऑलिंपियातल्या एका जुन्या पेटीवरचे लेख सांगताना हाच शब्द वापरतो आणि समजावतो की पहिल्या ओळीच्या टोकापासूनच दुसरी मागं वळते, जाऊन परत यायच्या शर्यतीसारखी.

प्रत्यक्ष बघायचं तर क्रीट बेटावरचं गोर्टिन. इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा तिथं दगडी भिंतीवर कोरलाय, मजकुराचे १२ उभे रकाने आणि सुमारे ६०० ओळी, वारसा, घटस्फोट, दत्तक, सगळं त्यात आहे. सुरुवात उजवीकडून होते, पुढची ओळ डावीकडून, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ओळ वळली की अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी होतात, E चे दात ज्या बाजूला त्या बाजूला वाचत जायचं. फिनिशियन लोक (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी) उजवीकडून लिहायचे, ग्रीकांनी लिपी त्यांच्याकडून घेतली आणि शेवटी डावीकडून लिहायला लागले, मधल्या काळात ही पद्धत बरीच चालली. पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर रोंगोरोंगो नावाची चिन्हं कोरलेल्या लाकडी फळ्या आहेत, त्यांवर तर एक ओळ झाली की पुढची चक्क डोक्यावर उभी, फळी अर्धी फिरवून वाचायची (अर्थ अजून कुणाला लागलेला नाही).

आणि हे काही फक्त परदेशातलं नाही, आंध्रात कर्नूल भागात येर्रागुडीला अशोकाचा जो लघुशिलालेख आहे त्यातल्या काही ओळी ब्राह्मीत अशाच उलट दिशेनं जातात. म्हणून 'लिपी' हा शब्दही मला इथं खटकतो, लिपी ब्राह्मीच आहे, ग्रीकच आहे, बदलते ती ओळींची दिशा.

आता गोमूत्रिका. बैल चालता चालता मुततो तेव्हा जमिनीवर जी नागमोडी रेघ उमटते ती. संस्कृत चित्रकाव्यात, म्हणजे अक्षरांच्या मांडणीची करामत करणाऱ्या काव्यात, या नावाचा बंध (रचनेचा साचा) आहे, भारवी कवीच्या किरातार्जुनीय महाकाव्यात १५व्या सर्गात सापडेल. श्लोकाच्या दोन अर्ध्या ओळी एकाखाली एक लिहायच्या, एक सोडून एक अक्षर दोन्हींत सारखं, त्यामुळे वरचं एक, खालचं एक असं तिरकं वाचत गेलं तरी तोच श्लोक मिळतो. म्हणजे इथं नजर प्रत्येक अक्षराला वरखाली होते पण पुढंच जाते, मागं फिरतच नाही! 'गतप्रत्यागत' हा शब्द अर्थानं जवळचा आहे, गेला आणि परत आला, पण तो उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या रचनेसाठी आधीच वापरात आहे, तिथंही गोंधळ होईल.

मी स्वतः 'बैलवळणी' वापरतो. ग्रीक शब्दाचे दोन्ही तुकडे त्यात येतात, कानाला मराठी वाटतो, आणि विशेषण म्हणूनही चालतो आणि क्रियाविशेषण म्हणूनही, जे मुळातच हवं होतं. लहान मुलांना समजवायचं असेल तर सापशिडीचा पट पुढ्यात ठेवा, १ ते १० उजवीकडे, ११ ते २० डावीकडे, फक्त तिथं आकडे उलटे होत नाहीत एवढाच फरक.

वापरायचा असा: गोर्टिनचा कायदा बैलवळणी कोरलाय. येर्रागुडीच्या लेखात काही ओळी बैलवळणी आहेत, काही सरळ.