तीस वर्षांहून जुनी एमएक्स-५ घरच्या घरी दुरुस्त करता येईल का? तेल गळतंय, क्लच मऊ पडतोय, सुरुवात कुठून करू?

गिअरबॉक्स इतक्यात उतरवू नका.

तुम्ही लिहिलंय की १९९० ची, १.६ लिटर इंजिनाची पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून तेल ठिबकतं, क्लचचं पेडल अधूनमधून मऊ पडतं, आणि मेकॅनिक म्हणाला की क्रँकशाफ्टचं (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स काढावाच लागेल. तुमच्याकडे साधे पाने आहेत, हौस आहे, पण तेल बदलण्यापलीकडे हात घातलेला नाही. तर हो, या गाडीची बहुतेक कामं घरी होतात. ही गाडी शिकायला फार चांगली आहे, कारण इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं आहे, भोवती हात जायला जागा आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स मोजकंच आहे. फक्त एक शिस्त पाळा : बिघाड कुठून सुरू होतो हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नका.

तुमच्या गळतीचंच घ्या. मागचं सील खरंच गेलेलं असू शकतं, पण या इंजिनात त्याआधी संशय घ्यायच्या जागा वर आहेत. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीच्या अगदी जवळ, कॅम अँगल सेन्सर (ठिणगी कधी पडायची हे ठरवण्यासाठी इंजिनाची स्थिती कळवणारा भाग) बसवलेला असतो. त्याच्या दांड्यावर एक रबरी ओ-रिंग असते. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं ती प्लास्टिकसारखी कडक होते आणि तेल धरत नाही. ते तेल हेडच्या पाठीवरून ओघळत खाली येतं आणि नेमकं इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला ते मागच्या सीलचंच वाटतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट मागच्या कोपऱ्यात गळत असेल तरी वाट तीच.

म्हणून आधी धुलाई. इंजिन थंड असताना हेडची मागची बाजू, सेन्सरच्या भोवती आणि खालचा सांधा डिग्रीझर मारून, ब्रशनं घासून, कापडानं कोरडा करा. गाडी थोडी चालवून आणा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वर जिथे ओल दिसेल ती गळतीची जागा. वर सगळं कोरडं आणि खाली सांध्याच्या आतूनच तेल येतंय असं दिसलं, तरच सीलचा विचार करायचा. तसं निघालं तरी गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील एकदमच बदला. ते पुन्हा पुन्हा उघडण्यासारखं काम नाही.

याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढून देणारी झडप, तपासा. तो व्हॉल्व्ह कव्हरवर नुसता दाबून बसवलेला असतो. काढून कानाशी हलवा, आत खुळखुळलं पाहिजे. तो चोंदला असेल तर इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलतो. असं असताना नवीन सील टाकलं तरी ते पुन्हा गळू लागेल.

ओ-रिंग बदलणं अवघड नाही, अडचण फक्त हात पोचण्याची. सेन्सर सोडण्याआधी त्याची बॉडी आणि हेड या दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ कोरा, कारण तो थोडा जरी फिरला तरी इग्निशन टायमिंग बदलतं. जुनी रिंग ओढून काढू नका, कापून काढा. नवीन रिंगला तेल लावा, सेन्सर सरळ आत ढकला आणि रेघ जुळवून बोल्ट आवळा. नंतर टायमिंग लाइटनं एकदा खात्री करा. त्यासाठी बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन पिना वायरनं जोडायच्या आणि इंजिन गरम असताना आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, १० अंश बीटीडीसी (पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीचे अंश) येतंय का बघायचं. पिना न जोडता पाहिलेला आकडा ग्राह्य नाही. तेव्हा टायमिंग इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतः पुढेमागे करत असतो.

आता क्लच. पेडल मऊ पडणं, गाडी उभी असताना रिव्हर्स टाकताना घासल्याचा आवाज, दोन-तीनदा पेडल मारलं की बरं वाटणं, ही क्लच प्लेटची लक्षणं नाहीत, हायड्रॉलिकची, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची आहेत. या गाडीचा क्लच स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) हा ठरलेला दुबळा भाग आहे. बॉनेट उघडून क्लच ऑइलची डबी बघा, ती ब्रेकच्या डबीहून वेगळी आणि लहान असते. पातळी उतरलेली आणि आतलं ऑइल काळं असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. उरलेलं गिअरबॉक्सच्या बाजूला लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरवर मिळेल. त्याचं रबरी बूट हळूच मागे सोला. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. इथे एक शक्यता लक्षात घ्या : हे ऑइलही गिअरबॉक्सच्या आसपासच ठिबकतं. तुमच्याकडे एकाच जागी दोन वेगळ्या गळत्या असू शकतात. बोटावर घेऊन पाहा. इंजिन ऑइल तपकिरी आणि दाट असतं, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, आणि क्लच-ब्रेकचं ऑइल पातळ असून गाडीचा रंग उतरवतं, त्यामुळे सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

स्लेव्ह बदलणार असाल तर पेडलजवळचा मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) बरोबरच बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांची रबरं एकाच वयाची असतात. एक नवीन बसला की बऱ्याचदा थोड्याच दिवसांत दुसरा गळायला लागतो आणि हवा काढायचा खटाटोप परत करावा लागतो. हवा काढताना एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्हवरचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. डबी मात्र मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

या कामासाठी गाडीखाली जावं लागेल, म्हणून हे ठासून सांगतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी (ठोकळे) लावा, पुढून मधल्या क्रॉसमेंबरखाली किंवा मागून डिफरन्शिअलखाली ट्रॉली जॅक लावून उचला आणि दाराखालच्या पट्टीच्या मजबूत केलेल्या जागांवर जॅक स्टँड द्या. मग गाडी हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर खाली जाऊ नका. चाक काढलं असेल तर तेही पत्र्याखाली सरकवून ठेवा.

या दोन गळत्या सुटल्या की पुढचं सगळं किलोमीटर पाहून नव्हे, वय पाहून ठरवा. कमी चालली म्हणून चांगली, असं या वयाच्या गाडीत म्हणता येत नाही. रबर उभ्या उभ्या मरतं. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदला, कारण ओल्या रस्त्यावर कडक रबर पकड देत नाही आणि ही मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी आहे. पेट्रोलचे रबरी पाइप वाकवून चिरा बघा. कूलंटचे पाइप थंड असताना दाबून बघा, फार मऊ किंवा फार कडक असतील तर गेले. मूळ रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीचा रंग काळ्याचा तपकिरी-हिरवट झाला असेल तर ती फुटायच्या बेतात आहे. तपमानाच्या काट्यावर विसंबू नका. तो बराच मोठा पल्ला मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाटात सलग ब्रेक लागले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी सगळं बदला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल यात घालू नका. मागचे पॅड बदलताना पिस्टन शिकंज्यानं दाबून आत घालायचा प्रयत्न करू नका, आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडेल. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) मागे एक झाकणाचा बोल्ट आहे, त्याच्या आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीनं फिरणारा स्क्रू आहे. तो उलटा फिरवला की पिस्टन मागे जातो. पॅड बसवल्यावर सुलटा फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे आणि साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. अनेकांचा हँडब्रेक एवढ्यानंच सुधारतो.

तुमची गाडी १९९० ची असल्यामुळे या उरलेल्या कामांत एक तपासणी मी सगळ्यांच्या आधी करीन. सुरुवातीच्या १.६ इंजिनांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. १९९१ मध्ये कंपनीनं ते लांब आणि दणकट केलं. आखूड टोकावर मधला मोठा बोल्ट टायमिंग बेल्टच्या कामात नीट आवळला गेला नाही, तर पुली सूक्ष्म हलत राहते, पुली जागेवर धरणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीची (चावीची) खाच झिजते, टायमिंग भरकटतं आणि शेवटी क्रँकशाफ्ट निकामी होतो. पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजा : चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. चार निघाल्या तर घाबरू नका, अशी कितीतरी इंजिनं वर्षानुवर्षं छान चालली आहेत. इंजिन चालू असताना पुली लडबडते का एवढं बघा आणि टायमिंग लाइटखाली खूण एका जागी स्थिर राहते का बघा. स्थिर असेल तर त्या बोल्टला विनाकारण हात लावू नका. बेल्टचं काम निघेल तेव्हा मात्र तो बोल्ट नवीन घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनंच आवळा. बेल्टची मुदत सुमारे ९६,००० किलोमीटर आहे. कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असं धरा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, म्हणून फार तर रस्त्यात अडकाल, इंजिन फुटणार नाही. पाण्याचा पंप आणि पुढची सीलं त्याच उघडझापीत उरकून घ्या.

थंड इंजिनाची वरून येणारी टकटक बहुधा हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टरची (ऑइलच्या दाबानं व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणाऱ्या भागाची) असते. ऑइलची पातळी बघा, ताजं ऑइल घाला, बाकी चालू द्या.

गंजाकडे मात्र काणाडोळा नको, कारण यांत्रिक भाग बदलणं सोपं असतं, कुजलेला पत्रा नाही. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली पडतं. त्या नळ्या पानं आणि धुळीनं तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत असतानाही हे चालू असतं. एकेका बाजूला तांब्याभर पाणी ओता आणि खाली तेवढंच पडतंय का बघा. तुंबलं असेल तर मऊ, लवचिक प्लास्टिकची काडी वापरा. ताठ तार घातली तर नळी फाटते किंवा जागेवरून निघते.

हत्यारांत आधी चांगला टॉर्क रेंच आणि सहा कोनी सॉकेट घ्या. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतो. अडलेला बोल्ट दिसला की गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, आधी किंचित आवळून मग सोडवा. ॲल्युमिनिअममध्ये जाणारा प्रत्येक बोल्ट सुरुवातीचे आटे हातानंच फिरवून बसवा. चाकांचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटरच्या मधे ठेवा. आणि या मॉडेलचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवाच.

तीन गोष्टी बाहेर द्या : एअरबॅग असेल तर ती, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा दाबायचं काम आणि व्हील अलाइनमेंट. सस्पेन्शनचे रबरी बुश तुम्ही बदलू शकता, पण त्यांचे बोल्ट गाडी लोंबकळत असताना पूर्ण आवळू नका. नुसते अडकवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या आणि मगच शेवटचा टॉर्क द्या, नाहीतर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करावंच लागेल, आणि ते खालच्या आर्म्सच्या एक्सेंट्रिक (फिरवले की चाकाचा कोन बदलणाऱ्या) बोल्टांवर होतं, जे या वयाच्या गाडीत बहुधा बुशच्या धातूच्या नळीत गंजून बसलेले असतात. तारीख घेण्याच्या आठवडाभर आधीपासून त्यांवर रोज तेल मारा आणि ते फिरतात की नाही हे घरीच तपासून मग गाडी न्या.