मानुस बेटावरची पोपटी गोगलगाय : ‘शंख’, ‘हिरवी’ आणि ‘स्थानिक’ या शब्दांबद्दल

विचारणा अशी आहे : पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर ‘ग्रीन ट्री स्नेल’ नावाचा जीव सापडतो, शास्त्रीय नाव पापुस्टिला पुल्चेरिमा. त्याच्याबद्दल मराठीत लिहिताना ‘हिरवा वृक्षशंख’ म्हणावे की ‘हिरवी गोगलगाय’? आणि ‘एंडेमिक’साठी ‘स्थानिक’ चालेल का?

जिवाला गोगलगायच म्हणावे. शंख म्हटले की मराठी वाचकाला समुद्र आणि देव्हारा आठवतो. फांदीवरून सरकणाऱ्या प्राण्याला आपल्याकडे कोणी शंख म्हणत नाही. पण तिच्या पाठीवर जे असते त्याला मात्र शंखच म्हणतात. ही विभागणी शेतकऱ्यांच्या बोलण्यात पक्की आहे. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातले सोयाबीन ज्या आफ्रिकी गोगलगायीने फस्त केले, तिला सगळे ‘शंखी गोगलगाय’ म्हणत होते, म्हणजे पाठीवर शंख असलेली. तेव्हा प्राणी गोगलगाय, कवच शंख. ‘शिंपला’ इथे चूक आहे. शिंपल्याला दोन झडपा असतात, तिसऱ्यांसारख्या. गोगलगायीचे कवच एकसंध आणि वेटोळे असते.

‘हिरवी’ या शब्दाने मोठा घोळ होतो. पॅसिफिकमधल्या शिंपल्या-शंखांच्या व्यापारात ‘ग्रीन स्नेल’ म्हणजे टर्बो मार्मोरेटस, हा समुद्रातला वजनदार शंख. आतल्या मोतिया थरासाठी तो बटणांना आणि जडावकामाला वापरला जातो. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर तोही मिळतो, त्यामुळे एखाद्या लेखात नुसते ‘मानुसची हिरवी गोगलगाय’ लिहिले तर दोन वेगळे प्राणी एक होऊन जातात. ओळखायची खूण सोपी आहे : समुद्रातल्या टर्बोच्या तोंडाला जाड, चुन्याचे झाकण असते, झाडावरच्या गोगलगायीला झाकण नसते आणि तिचा शंख जेमतेम ४ सेंटिमीटरचा. म्हणून ‘झाडगोगलगाय’ हा जोडशब्द हवाच. रंगासाठी ‘हिरवी’पेक्षा ‘पोपटी’ नेमका बसतो, कारण हा हिरवा पानासारखा गडद नाही, तो झळझळीत आहे. शिवाय वेटोळी जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यावरून पिवळी रेघ जाते.

हा रंग शंखाच्या चुन्यात नसतो. शंखावर एक पातळ साल असते, हिरवेपण त्या सालीत असते. साल निघाली की खाली पिवळा शंख दिसतो. त्यामुळे ‘जुन्या शंखाचा रंग उडाला’ असे लिहू नये, ‘साल गेली’ लिहावे. ‘बाह्यत्वचा’ हा शब्दही सुचवला जातो, पण त्वचा जिवंत असते आणि ही साल जिवंत नाही. नारळाचे सोडण किंवा कांद्याचे टरफल डोळ्यापुढे आणले की ‘साल’ का बरी ते कळते.

वेटोळ्यांचे वर्णन करताना ‘दक्षिणावर्ती’ आणि ‘वामावर्ती’ हे शब्द टाळावेत असे माझे ठाम मत आहे. शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड उजव्या हाताला आले तर तो ‘डेक्स्ट्रल’. पूजेतला शंख धरतात तो याच्या उलट, टोक खाली आणि निमुळती नळी वर. म्हणून बाजारात ज्याला दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ म्हणतात तो शास्त्राच्या भाषेत ‘सिनिस्ट्रल’, म्हणजे डावा ठरतो. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ होतात आणि भाषांतरकार नकळत फसतो. ‘टोक वर धरल्यास तोंड उजवीकडे’ असे सरळ लिहिले की संशय उरत नाही.

आता ‘स्थानिक’. या शब्दात फक्त ‘इथे आहे’ एवढेच येते. शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, पण आज ती लातूरच्या बांधावरही ‘स्थानिक’ म्हणता येईल इतकी रुळली आहे. ‘मूळची’ म्हटले तर उगम कळतो, पण ती दुसरीकडेही मूळची असू शकते. ‘एंडेमिक’ म्हणजे तिथलीच आणि नैसर्गिकरीत्या दुसरीकडे कुठेही नाही. त्यासाठी मराठीत ‘प्रदेशनिष्ठ’ रुळलेला आहे. सह्याद्रीतल्या काही कंदीलपुष्पांबद्दल आपण तो वाचतोच. मानुस साधारण २,१०० चौरस किलोमीटरचे बेट. जवळपास तेवढीच जागा जिच्या वाट्याला आली, तिला ‘स्थानिक’ म्हटल्याने तिची नाजूक अवस्था झाकली जाते. जंगलतोड झाली तर तिला दुसरे घर नाही. दागिन्यांसाठी तिचे शंख गोळा होत, म्हणून अमेरिकेने १९७० मध्ये तिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही ती आहे.

बेटाचे नाव ‘मानस’ लिहू नये, आसामचे अभयारण्य आठवते. पापुआ न्यू गिनीतल्या ‘टोक पिसिन’ या भाषेत ‘मानुस’ असा उच्चार आहे, तोच ठेवावा. अनेकवचन ‘गोगलगायी’. ‘नर गोगलगाय’ मात्र लिहू नका : या गटातल्या गोगलगायी उभयलिंगी असतात, एकाच जिवात नर आणि मादी दोन्ही इंद्रिये असतात.

वाक्य असे करता येईल : ‘मानुस बेटाची प्रदेशनिष्ठ पोपटी झाडगोगलगाय पावसाळी जंगलातल्या झाडांवर राहते, तिच्या शंखाच्या सांध्यावर पिवळी रेघ असते.’